‘मागं जा’ म्हणणारे अण्णासाहेब

गौरवग्रंथ समितीने मला अण्णासाहेबांच्या शांत स्वभावावर लिहायला सांगितले आहे. ज्यांनी त्यांच्या ऑफिसात एक दिवसही काढलेला नाही त्यांनाच असा विषय सुचू शकतो. आमचे अण्णासाहेब, म्हणजे वकील वामनराव चिंचोले, यांनी मला जितके वैतागवले तितके आजवर दुसऱ्या कोणी वैतागवलेले नाही. त्यांच्या एकसष्टीच्या निमित्ताने ते एकदाचे छापून येऊ द्या.

सनद मिळाल्यावर मी देऊळगाव राजाहून एस.टी.ने बुलढाण्याला आलो तो थेट त्यांच्याकडे. मार्क किती, कोणाच्या ओळखीने आलात, काही विचारले नाही. “घरी औत आहे?” एवढेच विचारले.

“आहे. दोन बैलजोड्या आहेत.”

“मग उपयोगी पडाल,” म्हणाले आणि एका अपिलाचे कागद पुढे टाकले. “वाचून दाखवा.”

तेव्हापासून मी वाचतोच आहे. अण्णासाहेबांना खटल्याचे कागद नुसते चाळून चालत नसे, ते कानांनी ऐकावे लागत. ते खुर्चीत मागे रेलून डोळे मिटायचे आणि मी साक्षीदाराचे नाव, बापाचे नाव, वय, धंदा, राहणार अमुक इथपासून सगळे मोठ्याने वाचायचे. एकदा त्यांना डुलकी लागली असे समजून मी अर्धे पान गाळले. डोळे न उघडता ते म्हणाले, “मागं जा.” पुढे हे दोन शब्द मी इतक्या वेळा ऐकले की घरी कोणी म्हटले तरी माझा हात पानाकडे जायचा.

महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले होते तेव्हाची गोष्ट. साखरखेर्ड्याजवळच्या एका खेड्यात तुकाराम नावाचा तरुण भाजीपाला पिकवत असे. शेजारच्या मळ्याचा मालक विहिरीपाशी डोक्यात घाव बसून मेलेला सापडला. पाण्यावरून दोघांची भांडणे होतीच, म्हणून सेशन्स कोर्टाने तुकारामाला जन्मठेप दिली. पुरावा काय, तर तुकारामाच्या घरातली कुऱ्हाड, जिच्यावरचे रक्त माणसाचे की आणखी कशाचे हे तपासणीत ठरलेच नाही. आणि गणपत नावाचा एकच साक्षीदार. तो म्हणाला, सकाळी मी माझ्या शेतात वखर हाकत होतो, तिथून तुकारामाला कुऱ्हाड घेऊन पळताना पाहिले. आपल्या शेतात आपल्या कामावर असलेला माणूस खोटे कशाला बोलेल, असे निकालात लिहिले होते. बचावाच्या वकिलांनी गणपतला नजर, अंतर, वैर असे सगळे विचारले. नेमके विचारायचे तेवढे राहिले. त्या वकिलांबद्दल पुढे लिहीन.

तुकारामाची बायको कासाबाई दर बुधवारी ऑफिसच्या पायरीवर येऊन बसे. आमच्यासारख्याने धीराचे चार शब्द बोलले असते. अण्णासाहेब दर वेळी तेच सांगत, “सुटेल असं मी म्हणत नाही. पुरावा पुरतो का, ते पाहू.”

एकदा ती भडकलीच. “पाहू पाहू काय करता साहेब! तुमचं पाहणं होईलोक माहे लेकरं बापाले वळखणार नाहीत.”

मला तिचे म्हणणे सोळा आणे पटले. अण्णासाहेबांनी मान हलवली आणि मला म्हणाले, “वाचा.”

मी अपिलासाठी सगळ्या साक्षींचे बारा पानी टिपण केले होते आणि त्याचा मला अभिमान होता. नागपूरच्या हायकोर्टात जायला आम्ही दुपारी नांदुऱ्याच्या स्टेशनवर गाडीची वाट पाहत बसलो, तर तिथे या गृहस्थांनी टिपण बाजूला सारून मूळ कागद काढायला लावले. भर फलाटावर, कापसाच्या गाठींशेजारी, खुनाच्या खटल्याचे जाहीर वाचन! भोवती माणसे जमली. लाजेने मी भराभर वाचत होतो. गावच्या पोलीस पाटलांची साक्ष आली. ‘त्या दिवशी अवस होती, गावातली औतं सुटलेली होती, म्हणून मी घरीच होतो.’ पाटील घरी का होते याच्याशी आपल्याला काय करायचे, म्हणून हे वाक्य मी टिपणातून उडवले होते.

“मागं जा.”

मी पुन्हा वाचले. अण्णासाहेबांनी डोळे उघडले. “तुमच्या घरी औत आहे ना?”

“आहे.”

“अमावस्येला जुंपता?”

बाकावरचा एक म्हातारा शेतकरी मघापासून ऐकत होता. तोच म्हणाला, “अवसेले कोन जुंपते बे? मंग तो गणपत वखर काऊन हाकून राह्यला होता?”

आमच्या भागात अमावस्येला बैलांच्या मानेवर जू ठेवत नाहीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कोर्टात पट्टेवाल्यापासून सरकारी वकिलांपर्यंत सगळे शेतकऱ्यांच्या घरचे, आणि इंग्रजी तारीख पाहून एकालाही तिथी आठवली नाही. आठवले की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

हायकोर्टात अण्णासाहेब अर्धा तासच बोलले. न्यायमूर्तींनी विचारले, “अमावस्येला कोणीच जुंपत नाही, असं कसं म्हणता?”

“तसं म्हणत नाही. एखादा जुंपतही असेल. पण गणपत त्या एका वखरापायीच शेतात होता, आणि औतं सुटलेली होती हे सरकारचाच साक्षीदार सांगतो. याचा खुलासा सरकारनं केलेला नाही. वखर काढून घेतलं तर उरते कुऱ्हाड. ती माझ्याही घरी आहे.”

“मग खालच्या कोर्टात बचावानं हे का विचारलं नाही?”

“चूक माझी आहे,” अण्णासाहेब म्हणाले.

शिक्षा रद्द झाली. पुढच्या बुधवारी कासाबाई आली ती नवऱ्याला आणि लेकरांना घेऊन. सगळे अण्णासाहेबांच्या पाया पडू लागले, तर ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “वाचलं यांनी.” मी मागच्या दाराने बाहेर निघून गेलो आणि एकटाच रडलो.

समारंभात हा लेख कोणीतरी वाचून दाखवील. अण्णासाहेब डोळे मिटून ऐकतील आणि वाचणाऱ्याला थांबवतील, कारण एक वाक्य मी अजून गाळलेलेच आहे. ते आता लिहितो. खालच्या कोर्टात खटला चालला तेव्हा अण्णासाहेबांच्या डोळ्यांवर ऑपरेशनची पट्टी होती, आणि त्यांच्या जागी बचावाचा वकील मी होतो. गणपतला अमावस्येचे विचारायचे राहिले ते माझ्याकडून. हे अण्णासाहेबांनी आजवर कासाबाईला सांगितलेले नाही, बाररूममध्ये सांगितलेले नाही, आणि मलाही कधी ऐकवलेले नाही.

त्यांना उदंड आयुष्य लाभो, प्रकृती ठणठणीत राहो, आणि त्यांचे कान मुळीच मंद न होवोत. मी अजूनही घाईघाईने पाने उलटतो.