कव्हराला तेल लावू नका

होल्स्टरला आमच्या मुळशीत होल्स्टर कुणी म्हणत नाही. कव्हर म्हणतात, मोबाइलला असतं तसं. ऐकणाऱ्याला वाटतं, अर्ध्या तासाचं शिवणकाम असेल. रविवारी हिंजवडीकडून एखादा नवशिका मुठा गावात माझ्याकडं शिकायला येतो. हातात नव्या कोऱ्या सुयांचा डबा आणि डोक्यात इंटरनेटवरचं सगळं ज्ञान. परवान्याचं पिस्तूल सोबत आणलं असेल तर मी आधी ते रिकामं करायला लावतो. मॅगझिन काढ, आत बोट घालून बघ, मला दाखव, मग पुन्हा तू बघ. पोरं वैतागतात. वैतागू देत. खरं तर हत्यार आणूच नये. त्याच मापाचं लाकडी कोरून घ्यावं आणि सगळं काम त्याच्यावर करावं.

चामडं बाभळीच्या सालीत कमावलेलं घ्यायचं, चपलेच्या तळाइतकं ताठ. पर्सचं मऊ चामडं हाताला गोड लागतं, पण इथं ते कुचकामी. कोमट पाण्यात भिजवायचं, हत्याराला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळायची आणि अंगठ्यानं दाबत दाबत आकार उतरवायचा. वाळवायचं सावलीत. घाईनं गॅसवर धरलं तर तडकतं. मी धरून बसलोय म्हणून सांगतो. शिवण मेण लावलेल्या दोऱ्याची, दोन सुयांची, एकाच भोकातून दोन्हीकडून. चाप पूर्ण झाकला पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तोंड. हत्यार जिथून आत जातं ती कड ताठ उभी राहिली पाहिजे, म्हणून तिथं चामड्याचा दुसरा थर शिवायचा. तोंड मऊ पडलं तर हत्यार आत सारताना कड दुमडते, चापात शिरते आणि बोटाचं काम चामडं करतं. नळी तेव्हा आपल्याच मांडीकडं असते.

हे सांगताना माझा आवाज चढतो. शिकणाऱ्याला वाटतं, म्हातारा तापट आहे. आहेच. पण त्या वाक्याला मी तापटपणामुळं ओरडत नाही. मला भीती वाटते म्हणून ओरडतो.

माझे वडील बैलांच्या गळ्यातले घुंगरांचे पट्टे करायचे. पट्टा गिऱ्हाइकाच्या हातात देताना त्यांचं ठरलेलं बोलणं असायचं, "महिन्यातनं एकदा त्याल दे. चामडं जितं ऱ्हातं." बैलाच्या मानेला पट्टा मऊच पाहिजे, ताठ असला तर मान सोलते. मीही तेच काम शिकलो आणि तेच बोलणंही. पुढं बैल गेले, जमिनीही गेल्या, आणि बेल्ट-पाकिटांवर माझं घर चालू लागलं.

भूगावला माझा एक मित्र आहे, शाळेपासूनचा. त्यानं जमीन बिल्डरला दिली तेव्हा भाऊबंद उठले. रस्त्यात गाडी अडवली, घरी निरोप आले. त्यानं रीतसर परवाना काढून पिस्तूल घेतलं आणि कव्हर मीच करायचं म्हणून हटून बसला. ते माझं पहिलंच कव्हर. महिनाभर जीव ओतला. ते त्याच्या कमरेला बसवलं आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "महिन्यातनं एकदा तेल दे."

त्यानं दिलं. शेतकऱ्याचा मुलगा तो, सांगितलेलं विसरायचा नाही. आमच्याकडं पावसाळ्यात चामड्यावर बुरशी धरते, तेव्हा तर आठवड्याला द्यायचा, करंजाचं, आतून-बाहेरून चोळून.

मला अक्कल आली दीड वर्षानं. स्वतःसाठी नमुना म्हणून ठेवलेलं दुसरं कव्हर, मीच तेल दिलेलं, एकदा सहज हातात घेतलं. लाकडी पिस्तूल आत सारलं तर कड दुमडली आणि बरोबर चापाच्या जागी जाऊन बसली. मी पुन्हा करून बघितलं. पाच वेळांत दोनदा तेच. मित्र तर गोळी आत चढवूनच हिंडायचा. "वेळ आल्यावर चढवायला कोन थांबतंय?" असं त्याचं म्हणणं.

लगेच फोन लावला, कव्हर परत दे म्हणालो. तो हसला. "आरं, आत्ता कुटं मऊ पडलंय. लोण्यावानी सरकतंय." पुन्हा दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा म्हणाला, "तुला इकायचंय व्हय दुसरं?" मला राग आला आणि मी चार दिवस फोन केला नाही. त्या चार दिवसांची मला आजही लाज वाटते.

पाचव्या दिवशी खंडेनवमी होती. त्या दिवशी हत्यारं पुजायची आणि दिवसभर हात लावायचा नाही. मी आरी आणि रापी पाटावर मांडली, फूल वाहिलं आणि थेट भूगाव गाठलं. त्याच्या घरी पूजा नुकतीच झाली होती. कोयता, पहार, ट्रॅक्टरची किल्ली, त्यांच्याशेजारी पिस्तूल आणि माझं कव्हर. तेलानं काळं पडलेलं, वर हळदकुंकू. भावकीतले त्याच्या बाजूचे काही जण चहा घेत बसले होते.

मी म्हणालो, "रिकामं कर आणि सगळ्यांसमोर आत सारून दाखव." तो चिडला, पण पाहुण्यांपुढं मागं कसा हटेल? मॅगझिन काढलं, गोळी काढली, मला दाखवली. पहिल्यांदा नीट गेलं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा आतून खट्ट झालं.

तो म्हणाला, "रिकामंच व्हतं की."

माझं डोकं फिरलं. पाटावरचा कोयता उचलला आणि उंबऱ्यावर कव्हर धरून दोन तुकडे केले. पूजेतलं हत्यार उचललं, पूजेतलीच वस्तू तोडली, तीही त्याच्या भावकीसमोर. आधी हे सगळं बोलून सांगता आलं असतं. चूक माझी होती, तेल द्यायला मीच सांगितलं होतं, एवढं एक वाक्य पुरलं असतं. ते मी तिथं बोललो नाही. त्यानं दाराकडं बोट दाखवलं.

घरी येऊन नवं कव्हर करायला घेतलं. ताठ, तोंडाला दुहेरी थर, तेलाचा थेंब नाही, वरून फक्त मेणाचा हात. दिवाळीनंतर वहिनी, म्हणजे त्याची बायको, एकट्याच आल्या.

"भावजी, नवं केलं आसंल तर द्या. तुमचं हाय म्हनून सांगनार न्हाई."

मी दिलं आणि विचारलं, "सध्या कशात ठेवतो?"

"कशातच न्हाई. तसंच प्यांटीत खोसत्यात, पोटावं. गोळी चढवून."

म्हणजे मऊ का होईना, चापावर जे होतं, ते मी तोडून आलो होतो. वहिनींना बस मिळेपर्यंत मी थांब्यावर उभा राहिलो.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. आवाज दबका होता.

"टाकं बघूनच वळीखलं त्यांनी. तुमच्या हातचं कंबरंला नगं म्हनले, आन् टाकून दिलं परड्यात."

"आणि पिस्तूल?"

"हाय तितंच हाय, भावजी. आत्ता नात त्यांच्याच मांडीवं बसून दूधभात खातीया."