मशेरीची डबी

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही लंडनमध्ये स्टॅनमोरला राहायचो. आमची यॉर्कशायर टेरियर जातीची कुत्री जेमतेम हातभर, पण तोंडाला वास असा की जवळ घ्यायची सोय नाही. व्हेटने, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरने, तिचा ओठ वर करून दाखवला. इवल्याशा जबड्यात दातांची दाटी, त्यांवर पिवळं किटण, हिरड्या लालबुंद. "छोट्या कुत्र्यांचं असंच होतं. रोज दात घासा," म्हणाला. मी हॉस्पिटलात डॉक्टर, मला कुठली सवड! साताऱ्याहून आलेल्या आईवर मी ते काम ढकललं आणि मोकळी झाले. व्हेटने दिलेली पेस्ट माझ्या पर्समध्येच राहिली.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, मी अंघोळ करून खाली आले तर कुत्री स्वयंपाकघरात आडवी पडलेली. तोंडातून लाळ, अंगाला कापरं. तिला उचलताना ओळखीचा वास आला. मशेरी! भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड आई जन्मभर दातांना लावत आली होती. पेस्ट सापडेना, म्हणून तिने भाबडेपणाने तीच कुत्रीलाही लावली.

आईला घेऊनच मी व्हेटकडे धावले.

"काय खाल्लंय हिने?" व्हेटने विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणाले.

धडधडीत खोटं. पाहुणे आले की आईची मशेरीची डबी लपवणारी मी. गोऱ्या माणसासमोर त्या पुडीचं नाव घ्यायची मला लाज वाटली. समोर मुका जीव चाललेला आणि मला अब्रूची पडली होती! आजही स्वतःचा संताप येतो.

आईला इंग्रजी येत नव्हतं, पण प्रश्न कळला. तिने पिशवीतून डबी काढून टेबलावर ठेवली. "सांग त्याला, तंबाखू आहे, मी लावलीय. वाचव म्हणावं."

मग मला सांगावंच लागलं. कुत्री वाचली. परत येताना आई म्हणाली, "अगं, चिमूटभर पुडीने हिचा जीव चालला होता. मी चाळीस वर्षं लावतेय. तू डॉक्टर ना? मला कधीच कशी बोलली नाहीस?"

मी डबी लपवली होती. आईच्या तोंडात वाकून कधी पाहिलं नव्हतं.

घरी पोचल्यावर तिला खिडकीपाशी उजेडात बसवलं. "आई, आ कर."

डाव्या गालाच्या आत, कॅन्सरच्या आधी येतो तसा, पांढरा चट्टा होता.