इंटरवलनंतरचा नवनाथ

नवनाथ पाटलाला सिनेमातलं कळतं, हे सिल्वासाजवळच्या गलोंड्यातल्या धाग्याच्या कंपनीत वॉचमनपासून शिफ्ट इंजिनिअरपर्यंत सगळ्यांना मान्य होतं. बाकी नवनाथला काय कळतं, याविषयी मतभेद होते. पॉलिएस्टरच्या धाग्याला पीळ देणाऱ्या दोन लांबलचक मशिनींवर तो अकरा वर्षं उभा होता आणि या अकरा वर्षांत कुणी त्याला कुठल्या बाबतीत मत विचारल्याचं त्यालाच आठवत नव्हतं. सुट्टी हवी तर अर्ज करायचा, पाणी प्यायला जायचं तर शेजारच्याला सांगून जायचं. पण शनिवार आला की हाच नवनाथ कँटीनच्या कोपऱ्यात पाय पसरून बसायचा आणि लोक चहाचा ग्लास घेऊन त्याच्याकडे यायचे. "भाऊ, उद्या कोणता बघू?"

मग नवनाथ आधी माणूस बघायचा. नवीन लग्न झालेल्याला तो भुताचा सिनेमा सांगे, कारण बायको हात धरते. घरी सासू आलेल्याला चार गाण्यांचा कौटुंबिक. शिफ्ट इंजिनिअर असलेल्या नाशिकच्या अभिजीत साहेबांनी एकदा विचारलं, तेव्हा त्याने त्यांना मारामारीचा सांगितला आणि सोमवारी साहेब चक्क हसतमुख होते. त्या दिवशी कुणालाही मेमो मिळाला नाही.

त्याचं गुण द्यायचं मापही कंपनीतलंच होतं. मशिनीवर धागा तुटला की त्याला ब्रेक म्हणतात. तुटलेलं टोक शोधायचं, पुन्हा ओवायचं, मशिन चालू करायचं. ज्या पाळीत ब्रेक कमी, ती पाळी चांगली. नवनाथने हेच सिनेमाला लावलं. "दोन ब्रेक" म्हणजे बरा. "पाच ब्रेक" म्हणजे घरी बसून भाजी निवडावी. "झिरो ब्रेक" त्याने अजून कुठल्याच सिनेमाला दिला नव्हता, आणि कारण विचारलं तर तो नुसता डोळे मिटून मान हलवायचा. लोकांना वाटायचं, केवढा चोखंदळ माणूस!

चोखंदळ कसला. नवनाथने आयुष्यात एकही सिनेमा पूर्ण पाहिला नव्हता.

त्याचं काय होतं, की पहिली पाळी तीनला सुटायची आणि चारच्या शोला तो सिल्वासात हजर असायचा. पहिला भाग तो डोळ्यांत तेल घालून पाहायचा. हिरोच्या शर्टाचं बटण कोणत्या सीनमध्ये उघडं आणि कोणत्यात लावलेलं, हेसुद्धा त्याच्या ध्यानात राहायचं. मग इंटरवल. इंटरवलला समोसा. आणि समोसा पोटात गेला, वरून गार हवा आली, आठ तास मशिनीच्या घरघराटाने बधिर झालेल्या कानांना गादीची खुर्ची मिळाली, की संपलं. नवनाथची मान जी पडायची ती झाडूवाल्याने खांदा हलवेपर्यंत.

पण माणूस डोक्याने तयार. बाहेर आल्यावर तो पार्किंगमध्ये उगाच रेंगाळायचा. गाडीची किल्ली सापडत नाही असं दाखवत खिसे चाचपत राहायचा. सिनेमा कसा झाला हे लोक घरी जाऊन बोलत नाहीत, गाडी काढता काढता बोलतात. "शेवटी भावानेच मारायला नको होता यार", "ती परत आली ते बरं झालं" असल्या तुकड्यांवर तो उरलेला सिनेमा जोडायचा. तुटलेली टोकं ओवण्याचा त्याला सराव होताच. आणि अगदीच काही हाती लागलं नाही, तर एक वाक्य तयार होतं: "सेकंड हाफ जरा ताणलाय, पण शेवट चुकवू नका." हे वाक्य कुठल्याही सिनेमाला चालतं. वाचकांनी हवं तर लावून बघावं.

कहर म्हणजे मंडळाचा कडक नियमही त्यानेच केला होता. मंडळ म्हणजे फोनवरचा 'ब्रेक मंडळ' नावाचा ग्रुप, अठरा जण. खेरडीचा काळू पॅकिंगला होता. त्याने एकदा नुसती झलक पाहून एका सिनेमाची तोंड फाटेस्तोवर स्तुती केली आणि सगळे जाऊन पस्तावले. तेव्हा नवनाथने फर्मान काढलं: न पाहता सांगणारा ग्रुपबाहेर. बिचारा काळू महिनाभर बाहेर राहिला. त्या महिन्यात नवनाथला स्वतःची लाज वाटली, हे खरं. पण नियम त्याने मागे घेतला नाही, हेही खरं.

मग शिरपूरकडच्या गावाहून मंजुषा आली. लग्नाला सहा वर्षं होऊन गेल्यावर, सासूबाईंनी एकदाचं "जा बाई" म्हटल्यावर. पहिल्याच रविवारी नवनाथ तिला मोठ्या ऐटीत सिनेमाला घेऊन गेला. इंटरवलपर्यंत तो तिच्या कानाशी लागून प्रत्येक गोष्ट समजावत होता. त्यानंतर एकदम तिचा चेहरा दिसला तो डोक्यावर दिवे लागल्यावर.

"उठा," मंजुषा म्हणाली. "पिक्चर सरी गया."

नवनाथने खिशातली किल्ली शोधायला सुरुवात केली, पण ती त्याच्या हातातच होती. मंजुषा पार्किंगमध्ये पोट धरून हसली. ते अठरा जणांचं मंडळ, तो मान, ते ब्रेक, सगळं तिने गावी फोनवर ऐकलेलं होतं.

"मंजू, कोनले सांगू नको."

"नाही सांगत. पन मंग दर रविवारी मले आनायचं."

असा करार झाला आणि नवनाथचे दिवस पालटले. पहिला भाग त्याचा, दुसरा मंजुषाचा. ती गाडीवर मागे बसून घरी पोचेपर्यंत उरलेली गोष्ट सांगायची, आणि सांगायची अशी की नवनाथ सिग्नल हिरवा झाला तरी थांबून राहायचा. मंडळात लोक म्हणू लागले, भाऊचं हल्ली सेकंड हाफवरचं बोलणं फार खोल असतं.

सगळं सुरळीत चाललेलं. पण एका रविवारी, ज्या सिनेमाची मंजुषा महिनाभर वाट बघत होती, त्यातल्या सगळ्यात नाजूक प्रसंगात नवनाथ घोरला. साधं नाही, पुढच्या दोन रांगा मागे वळल्या. हिरॉईन रडायची थांबली नाही एवढंच. मंजुषा तोंडावर पदर घेऊन बसली आणि बाहेर आल्यावर नवनाथने "कोनी मारं त्याले?" असं विचारताच शांतपणे म्हणाली, "आत्यानी."

नवनाथने रात्रीच मंडळात लिहिलं: तीन ब्रेक, पण आत्याचं काम काय झालंय!

त्या सिनेमात आत्या नव्हतीच.

हे विकीच्या लक्षात आलं. विकी मशिनीचा फिटर, जन्म सिल्वासातला, शाळा गुजरातीतली, बाप तलासरीचा. तीन भाषांत थट्टा करायचा आणि तिन्हींत पकडला जायचा नाही. त्याने आत्याविषयी ग्रुपवर अवाक्षर काढलं नाही. शुक्रवारी कँटीनमध्ये सगळ्यांच्या देखत त्याने नवनाथसमोर चहाची बशी ठेवली.

"भाऊ, 'फाटक नंबर सत्तावीस' बघितला के नही? वापीला एक शो लागला होता. काल उतरला पण."

नाव जुळवायला विकीला सकाळी दात घासताना जेवढा वेळ मिळाला तेवढाच लागला होता. असा सिनेमा पृथ्वीवर नव्हता. नवनाथने चहाचा घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "दीड ब्रेक. सेकंड हाफ जरा ताणलाय, पण शेवट चुकवू नका."

"शुं वात छे!" विकी खूश झाला. "आता तर उतरला. मग रविवारी दुधनीला पिकनिकला जातोय ने आपण, तिकडे तूच स्टोरी सांग. अख्खी. सगळ्यांना."

घरी येऊन नवनाथने फोनवर ते नाव शोधलं. सतरा प्रकारे शोधलं. मग तो पलंगाच्या कडेवर बसला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. ग्रुपबाहेर जाण्याचं त्याला एवढं नव्हतं. पण शनिवारी कुणी चहाचा ग्लास घेऊन येणार नाही, पुन्हा आपण नुसते मशिन नंबर चार आणि पाच होणार, या विचाराने त्याला खरोखर रडू आलं.

मंजुषाने सगळं ऐकून आधी हसून घेतलं. मग आत्याची गोष्ट कबूल केली. नवनाथ चिडला, जेवला नाही, मग जेवला. ती भांडी घासायला बसली.

"मी येस ना संगे," ती शेवटी म्हणाली. "बोलू नका तुम्ही. फक्त बसा."

दुधनीला धरणाच्या पाण्याकाठी एका झाडाखाली मंडळ बसलं. काळूने मासे तळून आणले होते. भाकऱ्या, कांदा, हिरवी मिरची. खाणं आटोपताच विकी मांडी घालून समोर बसला. "हां भाऊ, चालू कर. पहिला सीन?"

नवनाथने घसा खाकरला. समोर पाणी होतं, आणि त्यात उडी मारता येईल असं त्याला एक क्षण वाटून गेलं.

"ह्यांच्यानं सांगनं व्हनार नाही," मंजुषा म्हणाली. "हा पिक्चर आठवला की ह्यांचा गळा भरतो. मी संगे होते. मी सांगते."

आणि तिने फाटक उघडलं.

एक आडबाजूचं रेल्वे फाटक. त्याच्यावर रघुनाथ नावाचा माणूस. मनाने सोनं, पण त्याला एक खोड. दुपारी भाकरी खाल्ली की त्याला झोप लागायची, आणि ती नेमकी चारच्या मालगाडीच्या वेळेला. कानाशी ढोल वाजवा, उठायचा नाही. पहिल्या दिवशी त्याच्या बायकोने धावत जाऊन फाटक पाडलं, त्याचा खाकी कोट अंगात घातला, टोपी कपाळावर ओढली आणि हिरवं निशाण धरून उभी राहिली. गाडी निघून गेली. मग रोजचंच झालं. गावाला कळलं, पण गाव बोललं नाही. कारण हाच रघुनाथ सकाळी शाळेची पोरं रूळ ओलांडून दिल्याशिवाय पाणी पीत नसे.

"मंग काय झाला?" काळूने विचारलं. त्याच्या हातातला मासा गार झाला होता.

मग साहेब आला. कुणीतरी चहाडी केली होती. साहेब म्हणाला, आज चारला मी स्वतः बघतो, निशाण कोण धरतं ते. बायको सापडली तर रघुनाथची नोकरी गेली. तिने त्याला हलवलं, पाणी मारलं, त्याच्या छातीवर डोकं ठेवून रडली. तो आपला झोपलेला. लांबून शिट्टी ऐकू आली. तिने कोट घातला. साहेब दुर्बीण लावून बसला.

मंजुषा इथे थांबली. मुद्दाम सावकाश तांब्या उचलून ती पाणी प्यायली.

"भाभी!" विकी ओरडला. "बोल ने!"

"आनि साहेबाने पाहिलं, तर रुळाच्या कडेने सगळं गाव उभं. कोनाच्या हातात हिरवी साडी, कोनाच्या हातात हिरवी चोळी, पोरांच्या हातात निंबाच्या फांद्या. साहेब दुर्बीण फिरवत बसला. ड्युटीवर कोन शे, हेच त्याले कळेना. गाडी गेली. धूळ बसली. तवा रघुनाथ डोळे चोळत बाहेर आला, आनि बायकोले इचारतो, 'गाडी गेली का?'"

"ती काय बोलली?" दोन-तीन आवाज एकदम आले.

"ती काय बोलनार? म्हने, 'चहा ठेवते.'"

पाण्यावरून वारा येत होता. काळूने खांद्यावरच्या टॉवेलने नाक पुसलं आणि म्हणाला, "लई बेस पिक्चर होता." नवनाथ मंजुषाकडे बघत होता. पोटभर मासे खाल्लेले, झाडाची सावली, गार वारा, आणि त्याच्या पापणीला पापणी लागली नव्हती. सहा वर्षं ती गावी एकटी होती आणि तो इथे, हे त्याला आज पहिल्यांदा नीट कळलं. त्याचा गळा खरंच भरून आला.

"भाऊ, याला दीड ब्रेक कसा दिलास?" कुणीतरी रागावून विचारलं.

"चुकलं," नवनाथ म्हणाला. "झिरो. एकबी ब्रेक नाही."

मंडळात खळबळ उडाली. झिरो! मग काळू विकीकडे वळला. "तू पन पाहिलास ना? तूच तर नाव काढलास. मंग आम्हाला आधी सांगितला का नाही?"

विकीने तोंड उघडलं. सिनेमा नव्हताच असं म्हणावं, तर रडून बसलेला काळू समोर होता, हातात माशाचा काटा घेऊन. शिवाय त्याच्या स्वतःच्याही डोळ्यांच्या कडा ओल्या होत्या, त्याचं काय सांगायचं? आणि पाहिलाच नाही म्हणावं, तर नियम होता. त्याने एकदा मंजुषाकडे पाहिलं. ती शांतपणे भाकरीचं फडकं घडी करत होती.

"पाहिला ने," विकी पुटपुटला. "पण इंटरवलनंतर मला जरा झोप लागली."

बाकीचे सगळे त्याच्यावर तुटून पडले. एवढा सिनेमा, आणि हा झोपला! नवनाथने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि विकीच्या खांद्यावर हात ठेवला.

"असू द्या रे," तो म्हणाला. "होतं माणसाचं असं."