भरतीचं बेट, ओहोटीचं बेट

डोंबिवलीच्या पश्चिमेला आमचं छोटं वाचनालय आहे. तिथे दर शनिवारी दुपारी मी मुलांचा वाचनवर्ग घेते. गेल्या वर्षी मनात आलं, एकाच विषयाची पुस्तकं एकत्र वाचून बघावीत. मी बेटांवरच्या गोष्टी निवडल्या. कपाटं धुंडाळल्यावर अकरा पुस्तकं निघाली. कुठे जहाज फुटून किनाऱ्याला लागलेली मुलं, कुठे पुरलेला खजिना, कुठे दीपगृहात एकट्या राहणाऱ्या दोन बहिणी.

खरं तर ही निवड मी स्वतःसाठीच केली होती. माझं लहानपण ठाण्यात, कोपरीला गेलं. तिथल्या दोन खोल्यांत पालथी पडून मी असलीच पुस्तकं वाचायचे. खाडी घरापासून चालत पंधरा मिनिटांवर. ओहोटीला तिचा वास घरात यायचा आणि आई खिडकी लावून घ्यायची. पण बेट म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर निळं पाणी आणि पांढरी वाळूच यायची. त्या वासाचा आणि हातातल्या पुस्तकाचा काही संबंध असेल, असं एकदाही वाटलं नाही.

वर्गात मी मुलांना वाचलेल्या कुठल्याही बेटाचा नकाशा काढायला सांगितला. सगळ्यांनी खजिन्यावर फुल्या मारल्या, डोंगर काढले, शार्क काढले. बारा वर्षांच्या एका मुलीने मात्र एकाच्या आत एक अशी दोन बेटं काढली. आतलं लहान, बाहेरचं त्याच्या दुप्पट.

"दोन का गं?" मी विचारलं.

"एकच आहे काकू. हे भरतीचं, हे ओहोटीचं."

"असं कुठल्या पुस्तकात आहे?"

"कुठल्याच नाही. म्हणून तर मला कळेना. त्यांचं बेट दिवसभर तेवढंच कसं राहतं?"

त्या संध्याकाळी मी घरी नेऊन अकराही पुस्तकं पुन्हा चाळली. भरतीचा उल्लेख दोन ठिकाणी सापडला, तोही होडी वाहून जाते म्हणून.

मुलगी खाडीकाठच्या जुन्या गावातली. वडील मासेमारी करतात. पुढच्या शनिवारी ते तिला न्यायला आले, तेव्हा मी नकाशा दाखवला. ते हसले. "ह्या आमच्या समोरचा बेट हाय. बघायचाय तुम्हाला, ताई? उद्या सकाली या."

रविवारी नऊच्या सुमारास आम्ही तिघं होडीतून निघालो. निघतानाच त्यांनी बजावलं, "आज दशमी हाय. तिथीची पाऊणपट करायची. साडेसातला समुद्रान भरती, आपल्या खाडीन जरा उशिरा. आता पानी उतरतंय. बाराला निघाया पायजे, नायतर होरी चिखलान बसल."

मी घाईने मनातल्या मनात गुणाकार केला. दहाची पाऊणपट साडेसात. चंद्राकडे बघून घड्याळ सांगता येतं हे मला पन्नाशीत कळत होतं.

बेटावर ना वाळू होती ना नारळ. तिवरांची दाट झाडी, मऊ राखाडी चिखल आणि त्यावर टुणटुण उड्या मारणाऱ्या निवट्या नावाच्या मासोळ्या. झाडीत शिरल्यावर मात्र मी थबकले. समोर दगडमातीचा बांध होता, सरळ रेषेत दूरवर गेलेला.

"हा कोणी बांधला?"

"आमच्याच मानसांनी. हितं माझ्या आजीचा भात व्हायचा. खारा पानी आत येऊ नये म्हनून बांध. सकाली होरीतून यायची, पानी बघून परत जायची."

"मग सोडलं का?"

"बांध फुटला. तवर सगली नोकरीला लागलेली. कोन बांधनार परत?"

बांध कुठपर्यंत जातो ते बघायचंच होतं मला. फुटलेली जागा सापडली, पाणी सोडायची दगडी मोरी सापडली. मागून दोनदा हाक आली. "आले, आले," म्हणत मी पुढेच गेले. परत आले तेव्हा साडेबारा होऊन गेले होते आणि होडी एका अंगावर कलंडून चिखलात बसली होती.

"काकू, आपण अडकलो!" मुलगी आनंदाने ओरडली.

मी ओशाळले. त्यांची माफी मागितली. ते रागावले नाहीत. "तीन तास. मग पानी आपोआप उचलल," म्हणाले, आणि त्यांनी भाकरी-सुकटीचा डबा उघडला.

वेळ जावा म्हणून मुलीने त्यांना जहाज फुटलेल्या मुलांची गोष्ट सांगितली. ते दर दोन मिनिटांनी तिला थांबवत होते. गोडा पानी कुठून आणला? चूल ओली झाली तर? त्या बेटावर आधी कोन येत व्हता? तिला जमेल ती उत्तरं ती देत होती, अडली की माझ्याकडे बघत होती. मला तिच्यापेक्षा जास्त काही ठाऊक नव्हतं. माणसांनी घातलेला बांध आता समोर होता; पण त्या गोष्टीतलं बेट निर्जनच असणार हे मी इतकी वर्षं धरून चालले होते. साडेतीनला होडीखाली पाणी आलं.

पुढच्या शनिवारी ते वाचनालयात आले, धुतलेला शर्ट घालून, मुलांना बांधाबद्दल सांगायला. खुर्चीवर बसेनात, उभ्यानेच तासभर बोलले. जाताना स्वतःच्या नावाने सभासद झाले आणि ती जहाजाची गोष्ट घेऊन गेले.

पुस्तक तीन आठवड्यांनी परत आलं.

"आवडलं?" मी विचारलं.

"पोरं चांगली हायत. पन ताई, पावसाल्यान कशी राहिली ती? चार महिने तर कोनीच लिवले नायत."

मग त्यांनी दीपगृहातल्या बहिणींचं पुस्तक उचललं, मागून-पुढून बघितलं. "ह्यान पाऊस हाय का?"

मला आठवेना. आम्ही दोघांनी तिथेच टेबलावर ते उघडलं आणि पहिल्या पानापासून शोधायला लागलो.