पोरीच्या हातातलं ताट

आमच्या खोलीच्या पायरीवर दोघं वाल सोलत बसलो होतो. बायको म्हणाली, "सोलता कमी नि तोंडात टाकता जास्त. बिरडं कशाचं करू, सालांचं?" मी हसलो. दोघांनी मिळून केलेलं तेच शेवटचं काम.

तेवढ्यात बंगल्यातली पोर नळावर आली. चौदा-पंधराची. एजंटानं लांबून आणून मालकांच्या घरी कामाला घातलेली. पगार नाय, घरी फोन नाय, गेटबाहेर पाऊल नाय. बायकोनं तिला हाक मारून भाकरी नि भाजी दिली. पोर उभ्यानंच खायला लागली.

मालकीणबाई गॅलरीतून ओरडल्या, "ए, वॉचमनची बायको आहेस तू, मालकीण नाहीस!" मग मला म्हणाल्या, "बघतोस काय? ताट काढ तिच्या हातातलं. आत घाल तिला आणि कुलूप लाव."

मी काढलं. पोरीचा घास अजून तोंडातच होता. दंडाला धरून मागच्या खोलीत घातली. कुलूप लावलं. किल्ली वर नेऊन दिली.

ही जमीन आमचीच. चौक गावाच्या अलीकडं. विकली, बंगला झाला, नि मी तिथंच वॉचमन. मालक माझ्यावर सगळा बंगला टाकून जातात, असं मी गावात मिरवून सांगायचो.

परत आलो तर बायको तिथंच बसलेली. म्हणाली, "जमीन विकलीत. आता जीभबी विकलीत का?"

ती गावच्या समितीत होती. अंगणवाडीच्या ताई, शाळेतल्या बाई, ढाब्यावरचे दोघं, एक टेंपोवाला. कामाच्या नावाखाली पोरी विकतात, त्यावर नजर ठेवणारी माणसं. मला सारखी म्हणायची, "आमी गेटवर आलो तर मालक म्हणणार, भाची हाय. आतलं माणूस बोललं पायजे. तुमी फकस्त खरं सांगा." मी म्हणायचो, "खोली गेली तर राहशील कुठं?"

त्या दिवशी जिभेचं बोलली, ते शेवटचं. संध्याकाळी तिच्या छातीत कळ आली. गाडी दारात उभी होती. मालक म्हणाले, "पाहुण्यांना आणायचंय. टेंपो बघ." समितीतलाच टेंपोवाला धावत आला. दवाखाना यायच्या आत ती गेली.

दहावं झालं. संध्याकाळी मालकांनी बोलावलं.

"झालं ना सगळं? त्या समितीच्या बायका येतील. सांगायचं, अशी कोणी मुलगी इथं नाही. काय सांगशील? म्हणून दाखव."

या वयात मला शाळेतल्या पोरासारखं उभं केलं. मी तोंड उघडलं नाय. मालकांनी ते हो धरलं. जन्मभर माझं गप राहणं लोकांनी होच धरलंय.

सकाळी उठलो नि अंगणवाडीच्या ताईंच्या दारात गेलो. "पोर आतच हाय. आता चला, नायतर हलवतील." दोघं पोलीस ठाण्यात गेलो.

साहेबांनी विचारलं, "मुलीचं नाव?"

मला ठाव नव्हतं. रोज कुलूप लावलं, नाव कधी विचारलं नाय. ताईंनी सांगितलं. त्यांना माझ्या बायकोनं सांगितलेलं.

"कोंडून कोण ठेवायचं? मालक?"

"सांगायचा तो. कोंडायचो मी. पयलं माझं नाव लिवा, मग त्याचं. नि आता उठा साहेब, जीप काढा. दार मी दाखवतो."