खटक्यानंतरचा फोटो

सोलापुरात भवानी पेठेतल्या त्या फोटोवाल्याच्या गळ्यात जुना, जड डीएसएलआर असे आणि डाव्या मुठीत नवा छोटा कॅमेरा. आईला पुढे भिंतीवर लावायचा फोटो हयातीतच काढून ठेवायचा होता. मोठ्या कॅमेऱ्यापुढे ती श्वास रोखून ताठ बसली. खटका वाजला. तिने श्वास सोडला आणि शेजारी उभ्या असलेल्या माझ्या केसांची बट कानामागे सारायला वळली. तेवढ्यात त्याने छोट्या कॅमेऱ्यात, आवाज न करता, दुसरा फोटो घेतला.

"बारक्यात फोटो लई झ्याक येतो," तो हळूच म्हणाला, "पन मोठ्याचा खटका ऐकल्याबिगर मानसं सैल पडत न्हाईत की."

आता भिंतीवर तोच दुसरा फोटो आहे, चौकटीत एकटी आई. येणारे विचारतात, "आई कुणाकडं बघतायत?"

मी नकळत बट कानामागे सारते.