जाम नदीपलीकडचं परराष्ट्र

माझं शिक्षण चौथीपर्यंत. तरी जगातले देश एकमेकांशी कसे वागतात, हे मी कॉलेजात शिकलो. चपराशी होतो. पांढुर्ण्यात राज्यशास्त्राच्या वर्गाबाहेर माझा स्टूल असायचा, आणि शिकवणाऱ्या सरांचा आवाज मोठा. पोट्टे मागच्या खिडकीतून पसार व्हायचे. शेवटी वर्गात चार-पाच उरत आणि दाराबाहेर मी. सर नागपूरचे. आमचं राज्य हिंदीचं, म्हणून शिकवत हिंदीतून, चिडले की मराठीतून. लढायांचा भाग आला की ते चिडतच, म्हणून जगातल्या बहुतेक लढाया मला मराठीतून समजल्या.

बायकोचं माहेर सावरगाव. मधे जाम नदी. या काठाला आम्ही, त्या काठाला तिचा भाऊ, म्हणजे माझा साळा. पूल ओलांडायला विडी संपायचाही वेळ लागत नाही, पण परराष्ट्र ते परराष्ट्रच.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार असते. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात, आणि दोन्ही काठांवरून एकमेकांवर दगड. झेंडा काढून आणला की खेळ खलास, दगड खाली, दोन्हीकडचे लोक मिळून देवीच्या देवळात. एक नियम मात्र कुठं लिहिलेला नाही आणि सगळ्यांना ठाऊक आहे: कोणाचा दगड कोणाला लागला हे विचारायचं नाही. भुवई फुटो की दात पडो. दगड नदीचा, नदीनं मारला.

मी विचारलं.

सन ऐंशीच्या पुढचीच गोष्ट आहे. माझी भुवई फुटली होती, आणि त्या काठावर साळा हसताना दिसला होता. देवळाच्या अंगणात, चार लोकांसमोर, मी त्याला धरलं.

"दगड तुझा होता ना बे?"

"भाऊजी, शुद्धीवर आहे काय? असं कोनी विचारते काय?"

"मी विचारून राहिलो."

"मंग ऐका. माझा असता तर भुवईखालचा डोया राहिला नसता."

लोक हसले. साळ्याचं बोलणं मी एक वेळ सोडलं असतं, ते हसणं मला सोडवलं नाही. घरी येऊन हुकूम काढला: त्यानं माझ्या दारात पाय ठेवायचा नाही, आणि माझ्या घरचं कोणी पूल ओलांडायचं नाही. घरात माझा हुकूम ऐकणारं माणूस एकच होतं. दोन पोरी सासरी गेलेल्या. म्हणजे हुकूम बायकोवरच लागू झाला.

ती म्हणाली, "अन् भाऊबीज?"

मी म्हणालो, "पाहू."

त्याच दिवसांत सर शिकवून राहिले होते की, युरोपात तीस वर्षं लढाई चालली. माणसं मेली, पिकं जळाली, आणि मग सगळे राजे दमून कागद करायला बसले. कागदात ठरलं: ज्याच्या घरात तो मालक, दुसऱ्यानं डोकावायचं नाही. आजचे देश त्या कागदातून निघाले म्हणे. मला तो कागद फार पटला. घरी सांगितला. ती भाकर थापत होती. म्हणाली, "तीस वर्षं लढले अन् एवढंच ठरवलं? त्यायच्या बायकायले विचारलं असतं तर पयल्याच हप्त्यात सांगितलं असतं."

पुढचा धडा सत्तेच्या समतोलाचा. एकानं तोफ घेतली की दुसऱ्यानं घ्यायची, तेव्हा कोणी उडवत नाही, याला शांतता म्हणतात. मी अंगणात दगड-गोट्यांचा ढीग रचला. दोन दिवसांत बातमी आली, साळ्यानंही रचला. माझा संरक्षणासाठी होता, त्याचा मात्र हल्ल्यासाठी, हे मला स्पष्ट दिसत होतं. तिकडं तोही हेच बोलत असणार. तीन वर्षं ते ढीग तसेच होते. माझ्या ढिगात विंचू निघाला आणि मलाच चावला. संरक्षणावर झालेला एवढाच खर्च.

सरांचं स्वतःचं परराष्ट्र धोरणही मी जवळून पाहत होतो. अर्थशास्त्राच्या सरांशी त्यांचं एका कपाटाच्या वरच्या खणावरून वाजलं होतं. दोघं एकाच टेबलाशी बसत, आणि टेबलाच्या मधून खडूची रेघ. रोज झाडू मारताना ती पुसली जायची, रोज सकाळी नवी ओढलेली दिसायची. चहा दोन ट्रेमध्ये न्यायचा, आणि दोन्ही ट्रे एकाच वेळी टेकवायचे, नाहीतर एकाचा अपमान. रेघेच्या त्या बाजूला बसून सर रात्रंदिवस जगाला संवाद शिकवून राहिले होते. मला हसू यायचं. अंगणातला ढीग तेव्हा माझ्या ध्यानात येत नसे.

मग जगाच्या पंचायतीचा धडा आला. पहिली पंचायत बसली, तिच्या हातात काठी नव्हती, म्हणून मोडली. दुसरी महायुद्धानंतर बसली, तिच्यात पाच जणांना 'नाही' म्हणायचा हक्क. बाकी सगळं गाव 'हो' म्हणो, एकानं नाही म्हटलं की चुलीवर पाणी. आमच्यासाठी सौसरहून असेच एक मामाजी आले. आमचं लग्न त्यांनीच जुळवलं होतं. ते इकडं पुरणाची पोळी जेवले, तिकडं कोंबडी जेवले, आणि निघताना दोन्हीकडं एकच वाक्य सांगून गेले: "दोघांनी सबुरीनं घ्यावं." त्यांच्या बसचं तिकीट मी काढलं.

बायको कोणाच्या बाजूची, हे मी तिला एकदा विचारलं. सर सांगत होते की, जगात दोन मोठे गट आहेत, आणि आपला देश दोन्हीत नाही.

"तुझंही तसंच काय? कोनाचीच नाही?"

"मी दोघायचीही आहे," ती म्हणाली. "म्हनून तर मरून राहिली."

मला वाटलं, बोलण्यातलं मरण.

ती खरंच आजारी पडली. नागपूरच्या डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, तेव्हा संत्र्याचा आंबिया बहार बाजारात येत होता. दिवाळीला ती खाटेवर. भाऊबीजेच्या सकाळी ती भिंतीकडं तोंड करून पडली होती.

"यंदा घाटावर जाता येत नाही मले," ती म्हणाली.

"घाटावर कायले?"

तिनं एकेक करून सांगितलं. घाटावर या काठाला ती धुणं धुवायची, त्या काठाला तिची वहिनी. पाणी कमी असलं की बोलणं ऐकू जायचं. माझ्या पोरीचं बाळंतपण, साळ्याचं मोडलेलं मनगट, कोणाची सून रुसली, सगळं पलीकडं जायचं आणि अलीकडं यायचं. दोन मोठ्या देशांनी थेट टेलिफोन बसवला, हे सर कौतुकानं सांगत. माझ्या घरचा तो धुण्याच्या दगडावर बसलेला होता. आणि दर भाऊबीजेला साळा म्हशी पाण्यावर घेऊन यायचा, त्या काठाला टोपी घालून उभा राहायचा. ही या काठावरून टोपलीत लपवून नेलेलं ताट काढायची, दिवा लावायची आणि नदीवरून त्याला ओवाळायची. ओवाळणी वहिनी पुढच्या धुण्याला पाण्यात उतरून द्यायची. तीन वर्षं. मी मात्र नाकेबंदी यशस्वी झाली म्हणून कॉलेजात मिशीला पीळ देऊन राहिलो होतो.

"दिवा वाऱ्यानं विझे," ती म्हणाली. "तो तरी उभा राहे, मी पुन्हा लावेपर्यंत."

मी चप्पल घातली.

पुलावर मला काय काय सुचलं ते आता आठवत नाही. सरांनी तहाचे धडे पुष्कळ शिकवले होते, त्यातलं एकही वाक्य कामाला आलं नाही. साळा गोठ्याशी म्हशी सोडत होता. डोक्यावर टोपी होती.

"दगड कोनाचा होता, ते विचारायले आले काय?"

"नाही," मी म्हणालो. "तिले उठता येत नाही. तू चल."

त्यानं म्हशी पुन्हा बांधल्या. पुलावरून तो माझ्या मागं मागं आला. माझ्या दारात तो थांबला. आत बोलवायचं मला सुचेना. आतून तीच ओरडली, "दादा, आता नदी नाही मधे, ये ना!"

तिला भिंतीला टेकवून बसवलं. तिच्या हातात ताट एकीकडं कलायचं. म्हणून खालून मी धरलं आणि वरून तिनं. त्या दिवशी साळ्याला मीही ओवाळलं म्हणायचं. तो रडत होता आणि ती त्याला चिडवत होती, "टोपी तरी धुवून घालाची होती, तीन वर्षं तेच भोक पाहून राहिली मी."

संक्रांतीच्या आधी ती गेली.

अंगणातले गोटे मी त्यानंतर नदीत नेऊन टाकले. सायकलीवर चार खेपा झाल्या. एवढ्याशा कामाला तीन वर्षं लागली. शहाणपण मला उशिरा येतं. पण जगाच्या पंचायतीत बसणाऱ्यांना ते माझ्याहून लवकर आलेलं अजून ऐकलं नाही.

साळा म्हातारा झाला, मी त्याहून. भाऊबीजेला तो अजून येतो. ओवाळायला कोणी नसतं. ताट फळीवर असतं, मी ते पुसून ठेवतो. तो टोपी घालून पाटावर बसतो, मी चहा ठेवतो. मागच्या वर्षी कप हातात घेऊन तो बराच वेळ माझ्या भुवईकडं पाहत बसला.

"भाऊजी, तो दगड..."

"चहा पी," मी म्हणालो. "थंडा होऊन राहिला."